ब्लॅक अँड व्हाइट प्रिंटमध्ये शाई फुटते? इंक लिमिट ठरवण्याची पूर्ण पद्धत

मॉनिटरवर नऊवारीच्या काळ्या काठातली वीण स्वच्छ दिसते. प्रिंट काढली की तिथे एकसलग काळा पट्टा येतो. केसांच्या बटा चिकटतात, दगडी भिंतीच्या सांधी बुजतात, काळ्यावर पांढऱ्या अक्षरात लिहिलेलं नाव जाड ब्रशने गिरवल्यासारखं दिसतं. बहुतेक जण अशा वेळी फोटोशॉपमध्ये सावल्या उजळ करतात. त्याने सावल्या राखाडी होतात आणि शाई फुटायची ती फुटतेच, कारण दोष फाइलमध्ये नसतो. कागद जेवढी शाई पेलू शकतो त्यापेक्षा जास्त शाई प्रिंटर त्याच्यावर ओततो आहे, हा खरा प्रश्न असतो.

यावरचा उपाय म्हणजे इंक लिमिट, म्हणजे एका जागी जास्तीत जास्त किती शाई पडू द्यायची याची मर्यादा. ती कशी ठरवायची हे नव्याने प्रिंटिंगकडे वळलेल्यांना सलगपणे कुणी सांगत नाही, म्हणून हा लेख. एपसनचा पिगमेंट शाईचा फोटो प्रिंटर (पी६००, पी८०० यांसारखा), मॅट सुती कागद आणि क्वाडटोन आरआयपी हे सॉफ्टवेअर (आरआयपी म्हणजे प्रिंटरच्या ड्रायव्हरऐवजी फाइलचं शाईच्या थेंबांत रूपांतर करणारा प्रोग्रॅम), असा संच मी डोळ्यांसमोर ठेवला आहे. रॉय हॅरिंग्टन यांचं हे सॉफ्टवेअर ५० डॉलरचं शेअरवेअर आहे. प्रत्येक शाईचं प्रमाण वेगवेगळं हाताळता येतं, म्हणून ब्लॅक अँड व्हाइट छापणारे अनेक जण तेच वापरतात. पुढे मी त्याला नुसतं क्यूटीआर म्हणेन. तुमच्याकडे ते नसेल तर पायरी ८ तुमच्यासाठी आहे, पण तिच्याआधी १, २ आणि ४ वाचाच.

काय काय हाताशी हवं

- ज्या कागदावर शेवटी छापणार आहात त्याच कागदाची ए४ आकाराची काही पानं. स्वस्त कागदावर चाचणी आणि महागड्यावर प्रिंट असं इथे चालत नाही.
- दहापट मोठं दाखवणारं भिंग, सोनाराकडे असतं तसं. मोबाइलचा मॅक्रो मोडही कामाला येतो.
- डेन्सिटी, म्हणजे छापलेला भाग किती गडद आहे याचा आकडा, मोजायला स्पेक्ट्रोफोटोमीटर, उदाहरणार्थ एक्स-राइटचा आय१ किंवा कलरमंकी. नसेल तर साधा फ्लॅटबेड स्कॅनर.
- बारीक टोकाची पेन्सिल आणि एक वही. प्रत्येक चाचणीपानाच्या मागे सगळ्या सेटिंग्ज लिहायच्या आहेत.

## १. शाईच फुटते आहे ना, हे आधी तपासा

ही पायरी वगळू नका. शाई फुटल्यासारख्या दिसणाऱ्या बऱ्याच तक्रारींचा इंक लिमिटशी काही संबंध नसतो.

कागदाची बाजू पाहा. सुती मॅट कागदाला बहुधा एकाच बाजूला लेप असतो, आणि दोन्ही बाजू डोळ्यांना जवळपास सारख्याच दिसतात. कोपऱ्याला किंचित ओलं बोट लावा. जी बाजू जराशी चिकटते ती लेपाची. उलट्या बाजूवर छापलं तर शाई स्वस्त वहीवर शाईपेन चालवल्यासारखी तंतूतंतूंमधून पसरते. कोणतीही लिमिट तिला आवरू शकणार नाही.

मग काळी शाई पाहा. मॅट कागदाला मॅट ब्लॅक, चकचकीत आणि बरायटा (डार्करूमच्या फोटोकागदासारख्या किंचित चमकदार) कागदाला फोटो ब्लॅक. मॅट ब्लॅक चकचकीत कागदावर पडली तर ती पृष्ठभागावरच राहते आणि दुसऱ्या दिवशीही बोटाला लागते. उलट मॅट कागदावर फोटो ब्लॅक वापरली तर काळा फिका येतो, मग माणूस शाई वाढवत जातो, आणि तिथून फुटणं सुरू होतं. पी६०० आणि पी८०० मध्ये दोन्ही काळ्या शायांचा मार्ग एकच असल्यामुळे त्यांची अदलाबदल करावी लागते. ती झाली आहे का, हे प्रिंटरच्या पडद्यावर पाहून घ्या.

तिसरी गोष्ट हेड अलाइनमेंट, म्हणजे शाई फेकणारं हेड थेंब नेमक्या जागी टाकतं का. भिंगातून एक उभी आणि एक आडवी बारीक रेषा पाहा. फक्त उभी रेषा जाड किंवा दुहेरी दिसत असेल तर जाताना आणि येताना पडणारे थेंब जुळत नाहीत. शाई फुटते तेव्हा दोन्ही रेषा सारख्याच जाड होतात आणि त्यांच्या कडा केसाळ दिसतात. नोझल चेकही काढून घ्या, म्हणजे हेडची सगळी छिद्रं शाई सोडतात का हे दाखवणारं छोटं चाचणीचं चित्र. नोझल तुंबलेले असताना केलेली सगळी मापं वाया जातात.

कागदाच्या कडेलाच काळे फराटे असतील तर कागद वाकून हेडला घासतो आहे. तिथे प्लॅटन गॅप, म्हणजे हेड आणि कागद यांमधला फट, वाढवायचा, शाई कमी करायची नाही.

## २. चाचणीचं पान बनवा

क्यूटीआरसोबत प्रत्येक शाईची वेगळी पट्टी असलेलं एक चित्र मिळतं. ते डेन्सिटी मोजायला उत्तम आहे. पण शाई फुटते कुठे हे पाहायला तुमचं स्वतःचं आणखी एक पान हवं, आणि ते बनवायला फार वेळ लागत नाही.

ग्रेस्केल फाइल घ्या, रिझोल्यूशन ३६० पीपीआय (एका इंचात ३६० पिक्सेल). एपसनचे फोटो प्रिंटर ३६० किंवा ७२० च्या हिशेबाने चालतात. कॅननला ३०० किंवा ६०० ठेवा. त्यात हे घाला: पांढऱ्यावर १, २ आणि ३ पिक्सेल जाडीच्या काळ्या रेषा, उभ्या, आडव्या आणि तिरप्या. मग त्याच्या बरोबर उलट, म्हणजे गडद काळ्यावर तेवढ्याच जाडीच्या पांढऱ्या रेषा. ३६० पीपीआयला एक पिक्सेल म्हणजे साधारण ०.०७ मिलिमीटर, त्यामुळे एका पिक्सेलची पांढरी रेषा मॅट कागदावर बुजली तर घाबरू नका. दोन पिक्सेलची रेषा मात्र उघडी राहिलीच पाहिजे. माझ्या मते पांढऱ्या रेषांचा हा भाग सगळ्यात मोलाचा आहे. काळी रेषा थोडी जाड झालेली डोळ्याला कळत नाही, पण बुजलेली पांढरी रेषा लगेच कळते.

खाली काळ्यावर पांढऱ्या अक्षरात देवनागरी मजकूर टाका, ६ आणि ८ पॉइंटचा. 'क्ष', 'श्र', 'द्ध' यांच्यातल्या बारीक पोकळ्या शाई फुटली की सगळ्यात आधी भरतात. शेवटी एक पट्टी ० ते १०० टक्के, ५-५ च्या टप्प्यांनी, आणि दुसरी फक्त ७० ते १०० टक्के, २-२ च्या टप्प्यांनी. फाइल टिफमध्ये जतन करा. जेपीईजीमुळे रेषांच्या कडांना डाग येतात.

## ३. कच्च्या शाया छापा

पहिल्या छपाईत प्रत्येक शाई स्वतंत्रपणे, कोणत्याही कर्व्हशिवाय (कर्व्ह म्हणजे कोणत्या टोनला कोणती शाई किती पडेल हे ठरवणारी फाइल) पडली पाहिजे. विंडोजवर क्यूटीआरच्या खिडकीत कॅलिब्रेशन मोड निवडा, लिमिट १०० वर ठेवा आणि शायांच्या पट्ट्यांचं चित्र छापा. मॅकवर प्रिंट-टूलमधून, रंगव्यवस्थापन पूर्ण बंद करून छापा. फोटोशॉपमधून थेट छापू नका. तिथे मध्येच एखादं प्रोफाइल (टोन आणि रंग बदलणारी फाइल) लागलं तर पट्टीवरचे आकडे खोटे ठरतात आणि ते खोटे आहेत हे कळतही नाही.

रिझोल्यूशन आणि छपाईची दिशा आत्ताच ठरवा, पुढच्या प्रत्येक पानाला तीच ठेवा. बारीक तपशिलासाठी एकाच दिशेने छापणं मला योग्य वाटतं. वेळ जास्त लागतो, पण दोन फेऱ्यांच्या मध्ये शाईला कागदात मुरायला सवड मिळते.

हे पान १०० टक्के लिमिटला छापलेलं असल्यामुळे गडद टोकाला शाई साचेल, कागद लाटेसारखा वर येईल. ते अपेक्षित आहे. फक्त कागद हेडला घासत नाही ना, याकडे लक्ष असू द्या.

## ४. वाळू द्या

ओल्या प्रिंटवर काहीही ठरवू नका. मॅट कागदावरची शाई वाळताना डेन्सिटी बदलते आणि आत शिरलेलं पाणी तंतूंमध्ये काही वेळ पसरत राहतं. घाई असेल तर निदान एक तास, खरं म्हणजे दुसऱ्या दिवसापर्यंत थांबा. हेअर ड्रायर वापरणार असाल तर प्रत्येक पानाला सारखाच वापरा. पानं एकावर एक रचू नका.

## ५. काळ्या शाईची लिमिट

आता मुख्य काम. काळ्याच्या पट्टीवरचा प्रत्येक चौकोन मोजा आणि आकडे एकाखाली एक लिहा. समजा, असे आकडे आले:

४० टक्के – १.३८
४५ टक्के – १.४७
५० टक्के – १.५४
५५ टक्के – १.६०
६० टक्के – १.६३
६५ टक्के – १.६४
७० टक्के – १.६४
७५ टक्के – १.६३

(हे आकडे पद्धत समजण्यापुरते आहेत. तुमचे वेगळे येतील.)

४० पासून ५५ पर्यंत दर टप्प्याला काळा ठळकपणे गडद होतो आहे. ६० नंतर तो जवळजवळ थांबला, आणि ७५ ला उलट किंचित फिका झाला. म्हणजे ६० च्या पुढची सगळी शाई काळ्यात काहीच भर घालत नाही. ती फक्त आजूबाजूला पसरते. इथे लिमिट ५५ ते ६० च्या मध्ये कुठेतरी आहे. नेमकी जागा आकड्यांवर नाही, रेषांच्या पानावर ठरवा: ५५, ५८ आणि ६० ला ते पान छापा आणि ज्या सगळ्यात मोठ्या आकड्याला दोन पिक्सेलची पांढरी रेषा स्वच्छ उघडी राहते तो घ्या. डेन्सिटी ०.०२ ने कमी झाली तर फ्रेममधल्या प्रिंटवर ती दिसत नाही. बुजलेली वीण दिसते.

नवख्यांचा इथे एक ठाम समज असतो की जास्त शाई म्हणजे जास्त काळा. चांगल्या मॅट कागदावर काळ्याची डेन्सिटी साधारण १.६ ते १.७ पर्यंतच जाते, एल स्टारच्या भाषेत (० म्हणजे पूर्ण काळा, १०० म्हणजे पांढरा) १६-१८ च्या आसपास. बरायटा किंवा चकचकीत कागदावर ती २.२ च्या पुढे जाऊ शकते. हा फरक पृष्ठभागामुळे आहे: मॅट पृष्ठभागावरून प्रकाश विखरून डोळ्यात येतो आणि काळा धुरकट दिसतो. शाई वाढवून मॅट कागदाचं बरायटा होत नाही.

मोजायचं यंत्र नसेल तर पान स्कॅन करा. स्कॅनरची सगळी आपोआप सुधारणा बंद ठेवा, पूर्ण पट्टी एकाच स्कॅनमध्ये घ्या आणि प्रत्येक चौकोनाचा सरासरी आकडा वाचा. खरी डेन्सिटी कळणार नाही, पण काळा वाढायचा कुठे थांबला हे कळेल, आणि आत्ता तेवढंच हवं आहे. चकचकीत कागदावर मात्र स्कॅनरवर फार विसंबू नका.

क्यूटीआरमध्ये दोन जागा आहेत. डिफॉल्ट इंक लिमिट सगळ्या शायांना लागू होते. ब्लॅक बूस्ट फक्त काळ्याला, आणि तेही अगदी गडद टोकाला वर नेतो. वरच्या उदाहरणात मी डिफॉल्ट ५० आणि बूस्ट ५८ असं ठेवेन. त्यामुळे सावल्यांचा बहुतेक भाग कमी शाईत राहतो आणि शेवटचा पूर्ण काळाही मिळतो.

## ६. राखाडी शायांची लिमिट

लाइट ब्लॅक आणि लाइट लाइट ब्लॅक या फिक्या शाया. यांच्या पट्टीवर काळ्यासारखी थांबण्याची जागा बरेचदा दिसतच नाही, कारण त्या शेवटपर्यंत गडद होत राहतात. म्हणून इथे आकडे बाजूला ठेवून भिंग घ्या. चौकोनाचा पृष्ठभाग वाळूसारखा ठिपक्याठिपक्यांचा दिसू लागला, किंवा चौकोनाची कड शेजारच्या पांढऱ्यात शिरू लागली, की त्याच्या एक टप्पा अलीकडे थांबा. डिफॉल्ट लिमिट त्याच्यापेक्षा जास्त असेल तर त्या शाईला तिची वेगळी लिमिट द्या.

मग कॅलिब्रेशन मोडमध्येच, पण आता ठरवलेली लिमिट घालून, पट्ट्या पुन्हा छापा. फिक्या शाईचा सगळ्यात गडद चौकोन काळ्याच्या किती टक्क्यांच्या चौकोनाइतका दिसतो ते शोधा. समजा लाइट ब्लॅकचा शेवटचा चौकोन काळ्याच्या ३५ टक्क्यांशी जुळला, तर क्यूटीआरमध्ये त्या शाईसमोर ३५ लिहायचं. लिमिट बदलली की हा आकडाही बदलतो, हे विसरू नका.

## ७. शाया एकत्र पडतात तिथे पाहा

काळी शाई वेगळी छापली तेव्हा रेषा स्वच्छ होत्या, राखाडीही स्वच्छ होती, आणि खऱ्या फोटोत मात्र शाई फुटली. असं झालं तर ७० ते १०० टक्क्यांची बारीक पट्टी नव्या कर्व्हने छापा. पुष्कळदा १०० टक्क्यांचा चौकोन ठीक असतो आणि ७५ ते ८५ च्या मधले चौकोन ओलसर, चिकट दिसतात. त्या पट्ट्यात लाइट ब्लॅक अजून मागे हटलेली नसते आणि काळी जोरात आत आलेली असते. एकेका शाईची लिमिट पाळली गेली, तरी दोघींची बेरीज कागदाला झेपत नाही.

क्यूटीआर कर्व्हचा आलेख दाखवतो. त्या जागी उभी रेघ कल्पून सगळ्या शायांच्या उंचीची बेरीज करा. सगळ्यात मोठी बेरीज कुठे येते ते दिसेल. उपाय काळ्याला हात लावण्याचा नाही. लाइट ब्लॅकची लिमिट थोडीथोडी खाली आणा, आणि प्रत्येक बदलानंतर पायरी ६ मधला जुळणीचा आकडा पुन्हा काढा. प्रिंटला उबदार छटा देण्यासाठी रंगीत शाया घातल्या असतील तर त्याही या बेरजेत धरा.

यानंतरच लिनिअरायझेशन, म्हणजे पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतचे टोन सारख्या टप्प्यांनी येतील असं जुळवणं. लिमिट ठरवल्यावर पहिली प्रिंट विचित्र दिसेल, मधले टोन जास्त उजळ किंवा जास्त गडद येतील. ते बरोबर आहे. लिमिट टोन सुधारत नाही. २१ टप्प्यांची पट्टी छापा, वाळवा, मोजा आणि आकडे क्यूटीआरला द्या. आकडे एकाच दिशेने जायला हवेत. शेवटचे दोन-तीन आकडे उलटे फिरले तर क्यूटीआर ते स्वीकारत नाही. त्या वेळी आकड्यांत हाताने फेरफार करून पुढे जायचा मोह होतो. तसं करू नका. काळ्याची लिमिट अजून जास्त आहे, एवढंच ते आकडे सांगत आहेत. पायरी ५ वर परत जा.

## ८. आरआयपी नसेल तर

प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्ये इंक लिमिट असते, फक्त ती मीडिया टाइपच्या नावाखाली दडलेली असते. तुम्ही कागदाचा जो प्रकार निवडता त्यावर किती शाई टाकायची आणि कोणती काळी वापरायची हे ठरतं. म्हणून रेषांचं पान दोन-तीन वेगवेगळ्या मॅट प्रकारांवर छापून पाहा. कागदाच्या कंपनीने सांगितलेला प्रकार हा चांगला आरंभ आहे, पण तुमच्या कागदासाठी तोच अखेरचा असेल असं नाही.

एपसनच्या वरच्या श्रेणीतल्या प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्ये पेपर कॉन्फिगरेशन नावाची खिडकी असते. तिथे कलर डेन्सिटीची पट्टी उणे ५० पासून अधिक ५० पर्यंत जाते, आणि अॅडव्हान्स्ड ब्लॅक अँड व्हाइट मोडमध्येही ती लागू होते. उणे ५, उणे १०, उणे १५ असे तीन नमुने काढा, वाळवा, आणि पांढरी रेषा जिथे उघडते तिथे थांबा. त्याच खिडकीत प्रत्येक फेरीनंतर वाळण्यासाठी थांबण्याचा वेळही वाढवता येतो. कॅननच्या प्रो मालिकेसाठी मीडिया कॉन्फिगरेशन टूल आहे. त्यात स्वतःचा कागद नोंदवून त्याची कमाल शाई ठरवता येते.

इंक टँकच्या सहा रंगी प्रिंटरमध्ये राखाडी शाई नसेल तर राखाडी टोन रंगीत शाया मिसळून तयार होतो. जिथे एक राखाडी शाई पुरली असती तिथे तीन शाया पडतात, म्हणून या प्रिंटरवर शाई मधल्या टोनमध्येही फुटते. अशा वेळी कमी शाईचा मीडिया टाइप निवडणं आणि लेप चांगला असलेला कागद घेणं, एवढंच तुमच्या हातात आहे.

ब्राइटनेसची पट्टी सरकवून काम भागवू नका. त्याने मधले टोन उजळतात, पूर्ण काळ्यावर पडणारी शाई जवळपास तेवढीच राहते.

## ९. पावसाळा आणि उन्हाळा

हे सहसा लिहिलं जात नाही, कारण बहुतेक माहिती थंड आणि कोरड्या देशांतून आलेली असते. सुती कागद हवेतलं पाणी पितो. प्रिंटिंगच्या खोलीत ४० ते ६० टक्के आर्द्रता चांगली मानतात. जुलैत मुंबईत किंवा रत्नागिरीत ती सहज ८० च्या वर जाते. पाणी प्यालेल्या कागदावर शाई उशिरा वाळते आणि जास्त पसरते. मे महिन्यात ठरवलेली लिमिट जुलैत फुटू लागली तर आधी कागदाकडे पाहा.

कागदाचं पाकीट उघडल्यावर उरलेली पानं सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद पिशवीत ठेवा. छापण्याआधी पानं एसी किंवा डीह्युमिडिफायर असलेल्या खोलीत काही तास मोकळी ठेवा. हे शक्य नसेल तर पावसाळ्यासाठी दोन-तीन टक्के खालच्या लिमिटचा वेगळा कर्व्ह करा, त्याचं लिनिअरायझेशनही वेगळं करा. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात उलट त्रास: हवा इतकी कोरडी असते की नोझल तुंबतात, पट्टी फिकी येते आणि लिमिट चुकीने वर नेली जाते. तिथे प्रत्येक मोजणीआधी नोझल चेक हवाच.

## १०. नोंद ठेवा

कर्व्हच्या नावातच प्रिंटर, कागद, काळी शाई, रिझोल्यूशन, लिमिट आणि महिना येऊ द्या. सहा महिन्यांनी 'मॅट नवीन २' या नावावरून काहीच आठवत नाही. चाचणीपानं फेकू नका, मागे सेटिंग्ज लिहून एका फायलीत लावा.

कागदाचं नवीन पाकीट किंवा शाईचं नवीन कार्ट्रिज लावल्यावर सगळं पुन्हा करावं लागत नाही. रेषांचं पान आणि ७० ते १०० ची पट्टी छापा, वाळवा, जुन्या पानाशेजारी ठेवून भिंगातून पाहा. पांढऱ्या रेषा तेवढ्याच उघड्या असतील तर जुना कर्व्ह वापरा. नसतील तर पायरी ५ पासून सुरुवात करा.